एका क्रियापदाची धरपकड

शुद्धिपत्रे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. पण बावीस वर्षं प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासणारा माणूस घरी आल्यावर इमारतीच्या सूचनाफलकावरही लाल पेन चालवू लागला, तर लोक त्याला दुसरं काय म्हणणार? हे नाव तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांनी ठेवलं. मग ते जिन्याने एकेक मजला चढत चौथ्या मजल्यावर, म्हणजे खुद्द शुद्धिपत्र्यांच्या दारापर्यंत पोचलं आणि आता पोस्टमनसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारतो. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर असतं, तेही चुकीचं छापलेलं. ते दुरुस्त करावं म्हणून केलेला अर्ज गेली नऊ वर्षं विचाराधीन आहे.

तर आपलं नाव एकदा तरी पुस्तकात, आणि बिनचूक, छापून यावं असं शुद्धिपत्र्यांना वाटलं, यात त्यांचं काय चुकलं? तीनेकशे पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली. प्रत्येक लेखक प्रस्तावनेत बायकोचे आभार मानतो, गुरूंचे मानतो, ज्या टेबलावर पुस्तक लिहिलं त्या टेबलाचेही मानतो. मुद्रितशोधकाचे कोणी मानत नाही. उलट ते सगळे आभार काना-मात्रा बघून शुद्धिपत्र्यांनीच तपासून द्यायचे. माणूस किती काळ दुसऱ्यांचे आभार तपासत बसेल?

अशा मनःस्थितीत असताना एक दिवस कोशाच्या संपादकबाईंनी त्यांना बोलावलं. संस्था शाळांसाठी इंग्रजी शब्दांचा आपल्या भाषेतला कोश काढत होती. 'सी' अक्षराचं काम घेतलेले प्राध्यापक मध्येच परदेशी निघून गेले होते आणि जाताना 'कॅच'पाशी थांबले होते.

"एकच शब्द आहे," संपादकबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "त्यातही फक्त क्रियापद. पंधरा दिवस. जमेल?"

"जमेल," शुद्धिपत्रे म्हणाले. मग घसा साफ करून, "आणि ते... नावाचं?"

"नोंद पूर्ण असेल तर सहकाऱ्यांच्या यादीत नाव जातं. आमचे नियम ठाऊक आहेत ना? प्रत्येक अर्थाला एक कार्ड. कार्डावर उदाहरण, तेही स्वतः पाहिलेलं किंवा ऐकलेलं. रचलेली वाक्यं मला चालत नाहीत. मागच्या बाजूला ते कुठून घेतलं, ते लिहायचं. एखादा मुख्य अर्थ उदाहरणाशिवाय राहिला तर नोंद अपूर्ण. आणि अपूर्ण नोंदीला नाव नाही."

शुद्धिपत्रे तरंगतच घरी आले. बायको कुकर लावत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॅच म्हणजे पकडणे. झालं की! पंधरा दिवस कशाला हवेत?"

शुद्धिपत्रे कीव आल्यासारखं हसले. "अगं, चोर पकडतात, पण चेंडू झेलतात. माणूस गाठतात. सर्दी आपल्याला होते, आपण ती पकडत नाही. कापड पेट घेतं, पदर खिळ्याला अडकतो, बोलणं लक्षात येतं. या सगळ्यांना त्यांच्याकडे एकच शब्द."

"म्हणजे त्यांच्याकडे शब्द कमी पडले," असा निकाल देऊन तिने कुकरचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी पहिला खोडा बसला तो कार्डांचा. कोशाची कार्डं ठरावीक मापाची असतात आणि ती भांडारपालाकडे मिळतात. भांडारपालाने मागणीपत्र तीन प्रतींत मागितलं. त्यावर विभागप्रमुखांची सही हवी होती. विभागप्रमुख रजेवर होते आणि त्यांच्या जागी सही करण्याचा अधिकार खुद्द भांडारपालाकडे होता.

"मग करा की सही," शुद्धिपत्रे म्हणाले.

"माझ्याकडे आलेल्या मागणीवर मीच सही कशी करू? उद्या कोणी बोट दाखवलं तर?" भांडारपाल म्हणाला. त्याच्या आवाजात कसलीही खोट नव्हती, हेच जास्त जिव्हारी लागलं. शेवटी टेलरमास्तरांनी शर्टांच्या घडीत घालायचे पुठ्ठे दिले. शुद्धिपत्र्यांनी ते पट्टी लावून मापात कापले आणि कोशकार्याला प्रारंभ झाला.

पुठ्ठे मागितल्यामुळे बातमी फुटली. त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी येऊन खुर्चीत बसले. हे इमारतीचे सेक्रेटरी. नोकरीत असताना ते एका कचेरीचे अधीक्षक होते, निवृत्तीनंतर सगळ्यांचेच झाले. "कॅच ना? मग आधी माझ्याकडे नाही का यायचं! माझी अख्खी नोकरी लोकांना पकडण्यात गेली," असं म्हणून त्यांनी उशिरा येणाऱ्या कारकुनांना कसं कसं पकडलं याच्या एकतीस हकिकती सांगितल्या. एकतीसही हकिकतींत अर्थ एकच होता. शुद्धिपत्र्यांनी तसं नम्रपणे सुचवलं तेव्हा ते दुखावल्या आवाजात म्हणाले, "अर्थ एक असेल हो, पण कारकून वेगळे होते."

टेलरमास्तरांचा सल्ला त्यांच्या धंद्याला धरून होता. "साहेब, खोलात जाऊ नका. कापड कमी पडलं की मी बाह्या अर्ध्या करतो. तुम्ही चार अर्थ द्या आणि उरलेले 'इत्यादी'त दुमडून टाका." ज्या माणसाने बावीस वर्षं लेखकांचे 'इत्यादी' खोडले, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल ते त्यालाच माहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तेवढा कसलाच सल्ला दिला नाही. त्यांनी फक्त डोळ्यांखालचं कातडं खाली ओढून पाहिलं आणि "झोप कमी पडतेय तुम्हाला," एवढंच म्हणाल्या.

सगळ्यांचे सल्ले ऐकून शुद्धिपत्र्यांनी ठरवलं, की उदाहरणं स्वतःच्याच अंगावर घ्यायची. मुद्रितशोधकाची सवयच ती. मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय त्याचा अक्षरावरही विश्वास नसतो. चेंडू झेलणे हा अर्थ ताडून पाहण्यासाठी ते सकाळी मैदानावर गेले आणि खेळणाऱ्यांना म्हणाले, "एक इकडे उंच टाका हो." टाकणाऱ्याने वयाचा मान राखला नाही. चेंडू आला, उजव्या हाताच्या करंगळीवर बसला आणि खाली पडला. कामावर निघालेल्या नर्सबाईंनी रस्त्यातच करंगळीला पट्टी बांधली. तेवढ्यात समोरून बस दिसली. एक अर्थ हुकला तर निदान दुसरा तरी साधावा म्हणून शुद्धिपत्रे पट्टीसकट धावत सुटले. आणि बस खरोखरच पकडली! फक्त चढताना सदऱ्याचा खिसा दाराच्या दांड्याला अडकून टर्रकन फाटला. हाही एक अर्थ मिळाला म्हणून ते मनात खूश होत होते, तोवर त्यांच्या ध्यानात आलं की बसमध्ये दुसरं कोणीच नाही. बस फेरी संपवून आगारात निघाली होती. तिथे ती थेट धुण्याच्या जागी जाऊन उभी राहिली. खिडक्या उघड्या होत्या. दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे सुरू झाले आणि शुद्धिपत्रे कार्डांची पिशवी पोटाशी धरून, बंद व्हायचं नाव न घेणाऱ्या त्या पाण्यात बसून राहिले.

"बस, खिसा, पाण्यात सापडणं... एका सकाळीत चार अर्थ," शिंकत शिंकत त्यांनी बायकोला सांगितलं. चौथा अर्थ शिंकेतच आला.

"अजून किती आहेत?" तिने टॉवेल फेकत विचारलं.

"तेहेतीस."

"मग उरलेले दुसऱ्यांच्या अंगावर घ्या. मला एवढं एकच माणूस आहे."

बायकोचं म्हणणं त्यांना पटलं आणि तिथेच पुढच्या अनर्थाची सुरुवात झाली. कारण विचारलं की लोक सल्ला देतात आणि न विचारता पाहिलं की उदाहरणं देतात, हा शोध शुद्धिपत्र्यांना लागला. ते सकाळी कामाला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर बसू लागले. हातात पुठ्ठे, कानावर लाल पेन. कोणी विचारलं की "जरा वारा खातोय," म्हणायचे. जिन्यात वारा येत नाही हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

आठ दिवसांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, कुठलंसं खातं पाळत ठेवतंय. लोक जिन्यात एकमेकांशी गोड बोलू लागले, आणि गोड बोलण्यात कॅचचा एकही अर्थ सापडेना. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, की इमारतीत अज्ञात इसम टेहळणी करीत असून सर्वांनी सावध राहावे. सूचनेत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. शुद्धिपत्र्यांनी दोन तास स्वतःला आवरलं. मग खाली जाऊन त्या लाल पेनाने दुरुस्त करून आले.

सेक्रेटरी कागद घेऊन वर आले. "हे तुम्ही केलंत?"

"हो. तीन ठिकाणी."

"पण मजकूर बरोबर आहे ना?"

"मजकूर अगदी निर्दोष आहे," शुद्धिपत्रे म्हणाले. सेक्रेटरी समाधानाने परत गेले. आपल्याच विरुद्धची सूचना शुद्ध करून देणारा माणूस अज्ञात इसम असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

चौदाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, सदतीस कार्डं पुरी झाली. सोमवारी सकाळी ती द्यायची होती. आता शुद्धिपत्र्यांच्या हातून काय झालं होतं ते नीट सांगायला हवं. कार्डाच्या पुढच्या बाजूला त्यांनी उदाहरण सभ्यपणे, 'तो' आणि 'ती' घालून लिहिलं होतं. पण मागच्या बाजूला, जिथे बाकीचे लोक 'इमारतीत पाहिले' एवढं लिहून मोकळे होतात, तिथे आपल्या गृहस्थांनी माणूस, मजला, वार, वेळ आणि कारण असं सगळं लाल शाईत टिपलं होतं. असला प्रामाणिकपणा मुद्रितशोधकालाच सुचतो.

अर्थांचा क्रम लावायला घरातली जमीन पुरेना, म्हणून ते गच्चीवर गेले. वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावलेलेच होते. एका चिमट्यात दोन-दोन अशी त्यांनी सगळी कार्डं टांगली, मागे सरून पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. इतक्यात आठवलं, लाल पेन खाली राहिलं. ते आणायला गेले. चिमटे नर्सबाईंचे होते. त्या गणवेश वाळत घालायला वर आल्या, कार्डं पाहिली, अदबीने एकेक काढली, गठ्ठा करून कठड्यावर ठेवला आणि वर एक खडा ठेवला.

"तुमचे कागद तिथे ठेवलेत हं, व्यवस्थित," जिन्यातून वर येणाऱ्या शुद्धिपत्र्यांना त्या म्हणाल्या.

खडा लहान होता. वाऱ्याची झुळूकही काही मोठी नव्हती. पण शुद्धिपत्रे कठड्यापाशी पोचले तेव्हा चौदा दिवसांचं कोशकार्य गिरक्या घेत खाली निघालं होतं. काही रस्त्यावर, काही अंगणात, काही लोकांच्या खिडक्यांतून थेट घरात. मग एकदम शुद्धिपत्र्यांना कार्डांच्या मागच्या बाजू आठवल्या आणि ते चार मजले कसे उतरले ते त्यांनाही सांगता येणार नाही.

अंगणात शांतता होती आणि तीच वाईट होती. सगळे वाचत होते. सेक्रेटरींच्या हातात एक कार्ड होतं. पुढे लिहिलं होतं: 'इस्त्री चालू राहिल्याने कापडाने पेट घेतला.' मागे: 'टेलरमास्तर. मंगळवार. पॅन्ट सेक्रेटरींची, राखाडी. सेक्रेटरींना "उंदरांनी कुरतडली" असे सांगण्यात आले.'

"उंदीर?" सेक्रेटरी मान वर न करता म्हणाले. "मास्तर, मी त्या उंदरांसाठी पिंजरा आणून दिला होता तुम्हाला!"

टेलरमास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दुसरं कार्ड वाचत होते. पुढे: 'तो दुसऱ्याचे वर्तमानपत्र वाचताना पकडला गेला.' मागे: 'सेक्रेटरी. वर्तमानपत्र टेलरमास्तरांचे. रोज सकाळी, शब्दकोड्यासह. अद्याप पकडले गेलेले नाहीत. उदाहरण तूर्त अपुरे.'

"रोज कोडं अर्धं भरलेलं येतं म्हणून मी पेपरवाल्याशी भांडलो हो!" मास्तर ओरडले. "त्याने पेपर टाकायचंच बंद केलं होतं आठवडाभर!"

"मी फक्त पाहायला घेतो. आणि आडवे शब्द तुमचे चुकतात," सेक्रेटरी म्हणाले.

"आणि अज्ञात इसम हे होते तर!" सेक्रेटरींनी एकदम शुद्धिपत्र्यांकडे बोट केलं. सगळ्यांच्या माना वळल्या. पायजमा, बनियन आणि करंगळीला पट्टी अशा अवस्थेत शुद्धिपत्रे पायरीवर उभे होते. त्यांना स्पष्टीकरण द्यायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच: "पुठ्ठा दुमडू नका हो."

त्या दिवशी त्यांची नोंदही गेली असती आणि इमारतही. पण नर्सबाई खाली आल्या होत्या. त्यांनी स्वतःचं कार्ड मोठ्याने वाचलं. "'तिला सर्दी झाली. नर्सबाई (माझ्या शिंकांपेक्षा नियमित). दर महिन्याचा दुसरा सोमवार. मंगळवारी बऱ्या असतात.'" आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "अगबाई, खरंच की! आमच्या मेट्रनला कळायच्या आधी मला कळलं हे बरं झालं. आता पुढच्या महिन्यात तिसरा सोमवार घ्यायला हवा." त्यांनी पायाशी पडलेलं दुसरं कार्ड उचललं आणि हसत हसतच वाचायला घेतलं. "'तिचा हात धरला. टेलरमास्तर. नर्सबाईंच्या आई. रोज चार वाजता, रस्ता ओलांडून बागेपर्यंत, दुकान उघडे टाकून.'" त्यांचं हसू थांबलं. "मास्तर, आई तर म्हणते ती एकटी जाते."

"त्यांना तसंच सांगायला आवडतं," मास्तर ओशाळून म्हणाले. "चारला गिऱ्हाईक नसतंच तसं."

मग एकाने सेक्रेटरींना त्यांचं दुसरं कार्ड आणून दिलं. त्यावर होतं, की तो पाणी सोडणाऱ्याला पहाटे गाठतो. मागे लिहिलं होतं: 'सेक्रेटरी. पहाटे पाच, कोपऱ्यावरची टाकी, रोज. म्हणून चौथ्या मजल्यापर्यंत पाणी चढते. कोणाला सांगत नाहीत.' सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तेरा वर्षं हा माणूस दिवसभर सगळ्यांना सूचना द्यायचा आणि पहाटे अंधारात जाऊन गुपचूप पाण्याची सोय करून यायचा, आणि ती गोष्ट कोणाच्या नजरेला पडली असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"किती कार्डं होती?" त्यांनी शुद्धिपत्र्यांना विचारलं. आवाज अधीक्षकाचा होता.

"सदतीस."

"मग बघता काय? शोधा सगळे!"

आणि मग इमारत शोधायला लागली. मास्तर गजाने गटारातली काढत होते. नर्सबाईंच्या आई खिडकीतून "ते बघा, त्या गाडीखाली!" असं ओरडत होत्या. एक कार्ड फळवाल्याच्या छत्रीवरून मिळालं, एक मास्तरांच्या गिऱ्हाइकाने पत्ता समजून खिशात घातलं होतं. ओली झालेली मास्तरांनी इस्त्री करून दिली; या वेळी इस्त्रीसमोरून हलले नाहीत. संध्याकाळपर्यंत छत्तीस कार्डं शुद्धिपत्र्यांच्या टेबलावर आली. काहींवर संबंधितांनी आपलं म्हणणंही जोडलं होतं. सेक्रेटरींनी 'वाचताना' खोडून 'पहावयास घेताना' केलं होतं, त्यात एक चूक होती. शुद्धिपत्र्यांनी पेन उचललं, क्षणभर थांबले आणि खाली ठेवलं. ती चूक त्यांनी तशीच राहू दिली. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असेल.

सदतिसावं मात्र मिळेना. रविवार सकाळ त्यातच गेली. क्रमाने लावल्यावर कोणतं नाही ते कळलं: 'दम घेणे'. दुपारी ते हताश होऊन स्वयंपाकघरात आले. बायको चहा गाळत होती.

"एक गेलं गं. सगळी मेहनत पाण्यात. मुख्य अर्थ आहे तो."

"गेलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे."

तिने कप त्यांच्यासमोर ठेवला, पर्समधून पुठ्ठा काढला आणि मागची बाजू वाचली. "'पत्नी. रोज सकाळी, भाजी घेऊन येताना, दुसऱ्या मजल्यावर. पावले थांबतात. पर्समध्ये किल्ल्या शोधते. दार उघडे आहे व मी घरात आहे हे तिला माहीत असते. कोणी गेले की "किल्ल्या कुठे गेल्या बाई" असे म्हणते. दीड मिनिट. पूर्वी एक मिनिट होते.'"

चहा तसाच होता. बाहेर कोणीतरी बादली आपटली.

"पडदे बदलले ते पंधरा दिवसांत दिसले नाहीत तुम्हाला," ती म्हणाली. "आणि हे दिसलं?"

"पडद्यांत काही चुकलेलं नव्हतं," शुद्धिपत्रे म्हणाले आणि लगेच त्यांना आपण काय बोललो ते उमगलं. "म्हणजे तसं नव्हे. मला दिसत नाही ते, ऐकू येतं. मी वर दारात उभा असतो. पावलं थांबली की घड्याळ बघतो. तू वर यायला लागलीस की आत जाऊन बसतो."

"मग खाली का नाही येत?"

"तुला कोणाला कळू द्यायचं नसतं ना. म्हणून."

"मला वाटायचं, तुम्ही तेव्हा पेपर वाचत असता," ती म्हणाली. मग पुठ्ठा परत पर्समध्ये टाकला. "हे मी देणार नाही. पोराटोरांच्या कोशात माझा दम छापायचा नाही."

"नाही छापायचा," शुद्धिपत्रे म्हणाले. संध्याकाळी नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी दंडाला पट्टा आवळून रक्तदाब पाहिला, जरा वाढलाय म्हणाल्या, डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जायचं ठरवलं आणि जाता जाता शुद्धिपत्र्यांच्या पाठीवर हात ठेवला. "वेळेवर कळलं हो," एवढंच बोलल्या. शुद्धिपत्र्यांना त्यांचे चिमटे, त्यांचा तो लहानसा खडा, सगळ्याचेच आभार मानावेसे वाटले.

सोमवारी संपादकबाईंनी कार्डं मोजली, वाचली, मधूनच हसल्या. एका कार्डावर मास्तरांच्या इस्त्रीचा डाग होता, त्याचं कारणही विचारलं. मग थांबल्या. "छत्तीस आहेत. 'दम घेणे' कुठे आहे?"

"उदाहरण आहे. पण ज्यांचं आहे ते देत नाहीत."

"मग एखादं वाक्य रचा. एवढ्यासाठी मी नियमाकडे बघणार नाही."

संपादकबाई नियमाकडे बघणार नाहीत, हे त्या खोलीत कोणी ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. यादीतली जागा रिकामी होती. शुद्धिपत्र्यांना ती टेबलावर उलटी दिसतही होती. पण रचलेलं वाक्य त्या अर्थाखाली घालायचं, आणि खरं वाक्य एका पर्समध्ये असताना, हे त्यांच्याच्याने झालं नाही.

"रचलेलं नको," ते म्हणाले. "नोंद अपूर्णच राहू द्या. नावाचं राहिलं तरी चालेल."

संपादकबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कार्डांना रबर लावलं.

आठ महिन्यांनी कोशाची शेवटची मुद्रितं तपासायला आली. सहकाऱ्यांच्या यादीत शुद्धिपत्र्यांचं नाव नव्हतं. ते पाहून थोडं दुखलं, नाही असं नाही. मग त्यांनी आभारांचं पान घेतलं. सवयीने काना-मात्रा बघत खाली आले तर शेवटची ओळ होती: 'एका क्रियापदाच्या उदाहरणांसाठी एका चार मजली इमारतीतील सर्व रहिवाशांचे मनःपूर्वक आभार.' आपण स्वतः ज्यांत आहोत असे आभार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तपासले. चूक एकही नव्हती. तरी त्यांनी ती ओळ चार वेळा तपासली.

पुस्तक आल्यावर सेक्रेटरींनी ते पान फलकावर लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आमच्या इमारतीचं काम," म्हणून सांगू लागले. मास्तरांनी कोश दुकानात ठेवला आणि आपली इस्त्री कितव्या पानावर आहे ते गिऱ्हाइकांना दाखवू लागले. बायकोने आभार वाचले नाहीत. तिने सरळ 'कॅच' काढलं, बोटाने एकेक अर्थ खाली सरकत गेली आणि एका जागी थांबली. सदतीस अर्थांत तेवढ्या एकाच्या पुढे काही नव्हतं.

"इथे उदाहरण नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिने पुस्तक मिटलं आणि "चला, भाजी आणू," म्हणाली. हल्ली ते बरोबर जातात. येताना दोन पिशव्या शुद्धिपत्र्यांकडे होत्या आणि घर बंद करून आल्यामुळे किल्ल्याही त्यांच्याच हातात होत्या. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, पर्स उघडली आणि आत हात घालून शोधू लागली.

शुद्धिपत्र्यांनी हातातल्या किल्ल्या आवाज न करता खिशात टाकल्या आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"सावकाश शोध," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."